घरी व्हॅक्यूम फॉर्मिंग करण्यासाठी कोणती साधने घ्यावीत? (उठावाच्या नकाशांसाठी, सोलापूर)

भूगोलाच्या बाई (प्रश्न)

सर्व जाणकारांना सविनय नमस्कार.

मी सोलापुरातील एका माध्यमिक शाळेत भूगोल शिकवते. यंदा माझ्या आठवीच्या वर्गात एक पूर्णांध विद्यार्थी आहे. भीमा आणि सीना यांची खोरी, बार्शीकडची बालाघाटाची चढण, उजनीचा जलाशय हे सारे इतर मुले भिंतीवरच्या नकाशात पाहतात. त्याला ते बोटांनी वाचता यावे म्हणून मी आजवर पुठ्ठ्यावर सुतळी, वाळू आणि मणी चिकटवून नकाशे तयार केले. तो ते फार आवडीने वाचतो, परंतु रोजच्या हाताळणीने सुतळी सुटते आणि प्रत्येक प्रत पहिल्यापासून करावी लागते. एकदा नीट घडवलेल्या मूळ नकाशावरून प्लास्टिकच्या शीटमध्ये हव्या तितक्या प्रती काढता आल्या, तर एक संच त्याला घरी देता येईल आणि इतर शाळांतील अशा मुलांपर्यंतही पोचवता येईल, या हेतूने मी व्हॅक्यूम फॉर्मिंगचा विचार करीत आहे.

शीट चौकटीत घट्ट धरून मऊ होईपर्यंत तापवायची, साच्यावर आणायची आणि खालची हवा ओढून घेतली की बाहेरच्या हवेचा दाब तिला साच्यावर चिकटवतो, एवढे तत्त्व मला समजले आहे. अडचण साधनांच्या निवडीची आहे. मायकू कंपनीचे फॉर्मबॉक्स नावाचे तयार यंत्र घरच्या व्हॅक्यूम क्लीनरला जोडून चालते, पण त्याचा साचा २०×२० सेंटीमीटरपुरताच मर्यादित आहे आणि जिल्ह्याच्या नकाशाला ते लहान पडते. मला किमान ए३ आकार हवा आहे. मोठी तयार यंत्रे शिक्षकाच्या आवाक्यातली नाहीत, त्यामुळे स्थानिक फॅब्रिकेटरकडून सांगाडा करून घेऊन बाकीचे भाग जमवावेत, असे मनात आहे.

घरी १४०० वॅटचा व्हॅक्यूम क्लीनर आणि ६० लिटरचा ओटीजी (विजेची छोटी भट्टी) आहे. गच्चीवर पत्र्याची एक खोली मोकळी आहे, वीज सिंगल फेज आहे. आमचे घर शहराच्या पूर्व भागात असून खालच्या मजल्यावर दिरांचे यंत्रमाग चालतात, हेही सांगून ठेवते. हीटर कोणता घ्यावा, क्लीनरचे ओढणे पुरेल की पंप लागेल, आणि शीट कोणती वापरावी, या तिन्ही गोष्टींवर मार्गदर्शन मिळाल्यास मी आभारी राहीन.

चिंचोळीचा शीटवाला

नमस्कार मॅडम. मी चिंचोळी एमआयडीसीत पॅकिंगचे ट्रे काढणाऱ्या यंत्रांवर काम करतो. आपले काम मनापासून आवडले, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी शीट ठरवा, कारण बाकी सगळे माप तिच्यावरून निघते. तुमच्यासाठी हिप्स, म्हणजे हाय इम्पॅक्ट पॉलिस्टायरीन, हीच शीट योग्य आहे. ती साधारण १५० ते १८० अंशांच्या दरम्यान चांगली घडते. तापमान थोडे इकडेतिकडे झाले तरी सांभाळून घेते, आणि एबीएस, पीईटीजी किंवा पॉलिकार्बोनेट या इतर प्लास्टिकांसारखा हवेतला ओलावा धरून फुगे आणत नाही. पावसाळ्यात हा गुण फार उपयोगी पडतो. फ्लेक्सच्या दुकानात मिळणारा सनबोर्ड किंवा कोणतीही पीव्हीसी शीट मात्र घरी तापवू नका. पीव्हीसी जास्त तापली की हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू सुटतो आणि तो फुप्फुसांना तसेच हीटरच्या तारांनाही घातक आहे. हिप्सलाही वास येतो, त्यामुळे खोलीत बाहेर हवा फेकणारा पंखा हवाच.

हिप्सची शीट बाजारात ८×४ फुटांची, म्हणजे १२२०×२४४० मिलिमीटरची येते. ए३ला चारी बाजूंनी पकडीची जागा धरून तुकडा कापला, तर एका शीटमध्ये पंधरा तुकडे बसतात. तुकडा ४००×४८० मिलिमीटरचा केला, तरीही पंधराच बसतात, कारण रुंदीत तीन आणि लांबीत पाच. मग नकाशा लहान का ठेवायचा? चौकट ४००×४८० साठी करून घ्या. चारी बाजूंनी २० मिलिमीटर पकडीत गेले, तरी ३६०×४४० चे मोकळे क्षेत्र मिळेल. चौकट लोखंडी अँगलची दुहेरी करा आणि ती टॉगल क्लॅम्पने, म्हणजे खटक्याच्या पकडीने, आवळा. पेपर क्लिपांवर विसंबू नका, कारण गरम शीट आकसते आणि एका कोपऱ्यातून सुटली की ती प्रत वाया जाते.

आता हीटर, आणि माझ्या मते तुमचा पहिला खर्च इथेच झाला पाहिजे. शीट सगळीकडे सारखी तापली नाही, तर पंप कितीही चांगला असला तरी उपयोग होत नाही. मधला भाग लोंबतो, कडा कडक राहतात आणि नेमके कोपऱ्यातले तपशील उमटत नाहीत. ओटीजीत ए४ची चौकट कशीबशी मावेल, तुमची मावणार नाही. शिवाय ओव्हनमधून काढून साच्यावर नेईपर्यंत पातळ शीट निवते. घरातला दोन नळ्यांचा क्वार्ट्झ रूम हीटर ८०० वॅटचाच असतो आणि त्याची उष्णता पट्ट्यापट्ट्यांनी पडते. त्याऐवजी २४५×६० मिलिमीटरचे सिरॅमिक इन्फ्रारेड हीटर घ्या. ४०० वॅटचे आठ नग दोन रांगांत चार-चार असे ११० मिलिमीटर अंतराने बसवले, की चौकटीच्या बाहेरही थोडी उष्णता जाते आणि कडा थंड राहत नाहीत. शीटपासून हीटर १०० ते १५० मिलिमीटर उंच ठेवा. त्याहून जवळ आणले, तर प्रत्येक हीटरखाली वेगळा डाग पडेल. हे हीटर तापायला दहा-एक मिनिटे लागतात, म्हणून ते चालूच ठेवावे लागतात. हीटरची पेटी ड्रॉवरच्या मजबूत चॅनेलवर मागे सरकेल आणि चौकट जागच्या जागी सरळ खाली येईल, अशी रचना केली, तर शीट तापल्यापासून साच्यावर बसेपर्यंत दोन-तीन सेकंदांहून अधिक जात नाहीत.

शीट तयार झाल्याची खूण घड्याळात पाहू नका, शीटमध्येच पाहा. ती आधी लाटांसारखी वेडीवाकडी होते, मग पुन्हा ताणून सपाट होते आणि त्यानंतर मधून सारखी लोंबू लागते. तुमच्या मापाला दीड-दोन सेंटीमीटरची लोंब आली की चौकट खाली आणायची.

गेज आणि गॅस

नमस्कार बाई. मी एसी-फ्रिज दुरुस्तीचे काम करतो, त्यामुळे पंप आणि वीज यांविषयी लिहितो.

घरगुती व्हॅक्यूम क्लीनर पूर्ण कोंडला, तरी हवेच्या दाबात साधारण २० किलोपास्कलचाच फरक निर्माण करतो. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ४५७ मीटर उंचीवर आहे आणि इथे हवेचा दाब ९६ किलोपास्कलच्या आसपास असतो, म्हणजे उपलब्ध दाबाचा जेमतेम पाचवा हिस्सा क्लीनर वापरतो. साध्या ट्रेला किंवा मुखवट्याला तेवढे पुरते. ब्रेलची टिंबे आणि नदीच्या बारीक रेषा मात्र बोटाला स्पष्ट लागायला हव्यात, तिथे ते अपुरे पडेल. आणखी एक गोष्ट अशी, की घरगुती क्लीनरची मोटर बहुधा ओढलेल्या हवेनेच थंड होते. तोंड बंद करून ती मिनिटभर चालवली, तर जळू शकते.

एसीवाले वापरतात तो रोटरी व्हेन पंप जवळजवळ सगळी हवा काढतो, पण मिनिटाला पन्नास-साठ लिटर या गतीने. गरम शीट तेवढा वेळ थांबत नाही. म्हणून पंप थेट साच्याला जोडायचा नसतो. मध्ये टाकी ठेवायची, पंपाने ती आधी रिकामी करून ठेवायची आणि शीट साच्यावर बसली की एक इंची बॉल व्हॉल्व्ह झटक्यात उघडायचा. हिशोब सोपा आहे. साच्याभोवतीची आणि साच्याखालच्या पेटीतली हवा मिळून सहा लिटर धरा, टाकी ४० लिटरची धरा आणि ती ५ किलोपास्कलपर्यंत रिकामी केलेली धरा. व्हॉल्व्ह उघडल्यावर दोन्हींचा दाब मिळून सुमारे १७ किलोपास्कलवर स्थिरावतो. म्हणजे शीटवर ७९ किलोपास्कलचा दाब पडतो, क्लीनरच्या जवळजवळ चौपट. ६० लिटर गतीचा पंप एवढी टाकी पुन्हा रिकामी करायला दोन-तीन मिनिटे घेईल, आणि तेवढ्यात तुमची पुढची शीट चौकटीत बसवून होईल.

टाकी म्हणून पंक्चरच्या दुकानातल्या जुन्या कॉम्प्रेसरची लोखंडी टाकी उत्तम. ती आतून गंजून पातळ झालेली नाही, एवढे पाहून घ्या. पातळ पत्र्याचा डबा किंवा प्लास्टिकचा ड्रम निर्वातात चेपतो आणि प्लास्टिक असेल तर त्याचे तुकडे उडतात. फ्रिजचा जुना कॉम्प्रेसर पंप म्हणून चालतो, पण तो फार संथ असतो आणि तेल बाहेर टाकतो. पैसे अगदीच कमी पडले, तरच तिकडे वळा.

याच हिशोबाची दुसरी बाजू पेटी करणाऱ्याला जरूर सांगा. ३६०×४४० च्या क्षेत्रावर ७९ किलोपास्कल म्हणजे सव्वा टनाहून अधिक भार. क्लीनरवर चालणाऱ्या पोकळ पेटीचा आराखडा उचलून तिला पंप जोडला, तर वरचा तक्ता खाली बसेल. पोकळ पेटी करूच नका. १९ मिलिमीटर जाडीचे दोन प्लाय एकमेकांवर ठेवा, खालच्यात एक सेंटीमीटर खोल खाचांची जाळी कोरा, वरच्याला बारीक छिद्रे पाडा आणि कडेने मऊ रबराची पट्टी लावा. त्यामुळे आतली हवाही कमी राहते आणि टाकीचा सगळा जोर शीटला मिळतो.

विजेचे म्हणाल, तर आठ हीटरचे ३२०० वॅट म्हणजे २३० व्होल्टला जवळजवळ १४ अँपिअर. यासाठी ४ चौरस मिलिमीटर तांब्याची स्वतंत्र तार, १६ अँपिअरची एमसीबी (प्रवाह वाढला की वीज तोडणारा स्विच), ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की तोडणारा स्विच) आणि खरे अर्थिंग हवे. गच्चीवर लांब बोर्ड ओढून हे काम करू नका. नियंत्रणासाठी तापमान मोजणारे के-टाइप थर्मोकपल, टेंपरेचर कंट्रोलर आणि चांगल्या हीटसिंकवर (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या ठोकळ्यावर) बसवलेला एसएसआर, म्हणजे हीटर चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, पुरेल. एसएसआरवर ४० अँपिअर छापलेले असले, तरी हीटसिंकशिवाय तो १४ अँपिअरही सोसत नाही. शीटवाले दादा म्हणतात ती लोंब पाहण्याची सवय लावा, असे माझेही सांगणे आहे, कारण उन्हाळ्यात व्होल्टेज उतरून २०० वर आले, तर तेच हीटर ३२०० ऐवजी सुमारे २४०० वॅट देतात आणि काल मोजलेले सेकंद आज उपयोगी पडत नाहीत.

भूगोलाच्या बाई

आपण दोघांनी इतक्या आपुलकीने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. शीटच्या मापावरून चौकट ठरवण्याचा विचार मला सुचला नसता.

दोन शंका आहेत. दिरांच्या मते स्वयंपाकाच्या गॅसचे जुने सिलिंडर टाकी म्हणून सहज वापरता येईल. ते योग्य आहे का? दुसरी शंका साच्याची आहे. एक मिलिमीटर जाडीच्या शीटखाली ब्रेलची टिंबे असली, तर वरून ती बोटाला नीट जाणवतील का? साचा शाळेच्या थ्रीडी प्रिंटरवर करावा, असे एका विद्यार्थ्याने सुचवले आहे.

मातीकाम

ताई, मी मूर्ती आणि साचे करते, म्हणून साच्याविषयी लिहिते. तुमची दुसरी शंका मला पहिलीपेक्षा अधिक महत्त्वाची वाटते, कारण तिच्या उत्तरावर यंत्राची निवडही अवलंबून आहे.

ब्रेलचे टिंब सुमारे अर्धा मिलिमीटर उंच असते आणि शेजारच्या दोन टिंबांत अंतर अडीच मिलिमीटरच्या आसपास असते. उंचवट्याच्या साच्यावर एक मिलिमीटरची शीट पसरली, की शीटची साच्याला टेकलेली बाजू रेखीव येते, पण विद्यार्थी वाचणार ती वरची बाजू. तिथे प्रत्येक टिंबावर शीटच्या जाडीचे पांघरूण पडलेले असते, टिंबे गोलावतात आणि एकमेकांत मिसळतात. यावर उपाय साचा उलटा करण्याचा आहे. मूळ नकाशा उंचवट्याचाच घडवा, त्यावर साबणाच्या पाण्याचा हात फिरवा आणि त्यावरून खोलगट साचा ओता. शीट त्या खोलगट साच्यात ओढली गेली, की टेकलेली बाजू हीच वाचायची बाजू होते. साचा मुळावरूनच ओतलेला असल्यामुळे नकाशा आरशातल्यासारखा उलटत नाही.

ओतण्यासाठी साध्या प्लास्टर ऑफ पॅरिसपेक्षा दंतवैद्य वापरतात ते डेंटल स्टोन घ्या. ते बरेच कठीण असते आणि बारीक तपशील चांगला धरते. ओतल्यावर घाई न करता पूर्ण वाळू द्या, कारण ओल्या साच्यावर गरम शीट टेकली की वाफ धरते आणि पृष्ठभागावर खड्डे येतात. हवा निघण्याची छिद्रे एक मिलिमीटरहून मोठी नकोत, नाहीतर त्यांचे ठसे बोटाला टिंबासारखे लागतील आणि वाचणारा फसेल. खोलगट साच्यात सर्वांत खोल जागा म्हणजे डोंगरांचे माथे, तेव्हा प्रत्येक माथ्यावर एक छिद्र हवे. नद्या उठावाच्या रेषा म्हणून दाखवणार असाल, तर त्यांच्या खाचांतही अंतराअंतरावर छिद्रे ठेवा. थ्रीडी प्रिंटरवर पीएलएचा, म्हणजे प्रिंटरच्या नेहमीच्या प्लास्टिकचा, साचा करू नका. पीएलए ६० अंशांच्या आसपासच मऊ पडते आणि काही प्रती निघताच साचा वाकतो. मूळ नकाशा प्रिंटरवर करून त्यावरून साचा ओतायला मात्र काहीच हरकत नाही.

उंचीचे प्रमाणही आधीच ठरवा. १:५,००,००० च्या नकाशात १०० मीटरची उंची म्हणजे अवघे ०.२ मिलिमीटर. आपल्या पठारी जिल्ह्यात एवढ्याने बोटाला काहीच कळणार नाही. उंची वीसपट केली, तर त्याच १०० मीटरचे चार मिलिमीटर होतात आणि चढण खरोखर हाताला लागते. आता यावरून यंत्राकडे वळते. तुमचे काम खोल ओढीचे नाही, उथळ पण अतिशय बारीक आहे. खोल ट्रेमध्ये शीट असमान ताणली जाऊन कोपरे पातळ पडतात, म्हणून तिथे हीटरला पहिला मान द्यावा लागतो. तुमच्या कामात शीट फारशी ताणलीच जात नाही. त्यामुळे शीटवाल्या दादांचा आदर राखून मी म्हणेन, की पैसे अपुरे असतील तर आधी पंप आणि टाकी घ्यावी.

चिंचोळीचा शीटवाला

मातीकाम ताईंचे साच्याबद्दलचे म्हणणे अगदी योग्य आहे आणि उलट्या साच्याचा उपाय मीही हाच सांगितला असता. क्रमाबद्दल मात्र मी माझ्या मतावर कायम आहे. बारीक टिंब उमटण्यासाठी शीट त्या जागी पूर्ण मऊ असावी लागते, आणि ब्रेलची नावे बऱ्याचदा नकाशाच्या कडेला येतात, म्हणजे जिथे शीट सर्वांत थंड असते तिथेच. कडा १२० अंशांवर राहिली, तर ७९ किलोपास्कलही तिला टिंबात दाबू शकणार नाहीत.

तरीही दोन्हींचा मेळ घालता येईल. आठही हीटरची पेटी आणि चौकट एकदम करून घ्या, कारण ती नंतर वाढवणे अवघड असते. कंट्रोलर सुरुवातीला नसला तरी चालेल. इलेक्ट्रिक शेगडीला असतो तसा सिमरस्टॅट जोडून काम भागते. मात्र एकावर सगळे १४ अँपिअर टाकू नका, चार-चार हीटरच्या दोन गटांना दोन वेगळे लावा. यातून वाचलेले पैसे पंपाकडे जाऊ द्या. शीट एक मिलिमीटरऐवजी अर्ध्या मिलिमीटरची घ्या. वर्गात हाताळायला ती पुरेशी टिकाऊ असते, लवकर तापते आणि टिंबे कितीतरी स्पष्ट येतात. कडेने पुठ्ठ्याची चौकट चिकटवली, की ती वाकतही नाही.

शीट साच्यावर बसल्यावर टेबल फॅन लावा आणि ती ७५ अंशांच्या खाली येईपर्यंत व्हॉल्व्ह बंद करू नका. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या खोलीत साचाच तापून राहतो, तेव्हा सलग प्रती काढताना दर काही शीटनंतर साच्याला निवायला वेळ द्यावा लागेल. जमल्यास उन्हाळ्यात पहाटेच काम करा.

गेज आणि गॅस

बाई, गॅस सिलिंडरचा विचार पूर्णपणे सोडून द्या. ते कंपनीच्या मालकीचे असते. शिवाय रिकाम्या दिसणाऱ्या सिलिंडरमध्येही वायू आणि गंधद्रव्याचा तेलकट थर उरतो. त्यात जोडणीसाठी छिद्र पाडताना किंवा वेल्डिंग करताना स्फोट होऊ शकतो. कॉम्प्रेसरच्या टाकीला आधीच आटे असलेली तोंडे असतात, तिथे वेल्डिंगची गरजच पडत नाही.

यंत्रमागाचा उल्लेख आपण केलात, त्याकडे मी विशेष लक्ष वेधतो. मागांवरचे कापसाचे तूस जिन्यातून वर येते. ते सिरॅमिक हीटरवर बसले तर पेटते. हीटर सुरू करण्यापूर्वी ते दरवेळी ब्रशने झाडा, हीटरच्या पेटीच्या तोंडाला तारेची जाळी लावा, जिन्याचे दार बंद ठेवा आणि हाताशी अग्निशामक ठेवा. हेच तूस शीटवरही बसते, कारण हिप्सची शीट घासली की तिच्यावर स्थिर विद्युत तयार होते. डोळस माणसाला नकाशातला एक धागा खटकणार नाही, पण वाचणाऱ्या बोटाला तो नदीचा फाटा वाटेल. चौकटीत लावण्यापूर्वी शीट किंचित ओल्या सुती फडक्याने पुसा आणि पूर्ण वाळली की मगच तापवा.

भूगोलाच्या बाई

आपणा सर्वांच्या मार्गदर्शनाने माझा निर्णय झाला आहे. ४००×४८० ची चौकट, आठ सिरॅमिक हीटरची सरकती पेटी, दोन सिमरस्टॅट, एसीवाल्यांचा पंप आणि कॉम्प्रेसरची टाकी असे घेते. शीट अर्ध्या मिलिमीटरची हिप्स. क्लीनर घर झाडायलाच राहील. वायरिंगचे काम परवानाधारक वायरमनकडून करून घेईन आणि जिन्याला घट्ट बसणारे दार आधी लावून घेईन. मातीकाम ताई, पहिला साचा मी उजनीपासून पंढरपूरपर्यंतच्या भीमेच्या पट्ट्याचा करणार आहे. तो ओतताना काही अडले, तर आपल्याला विचारीन.

टाकी आणि पेटी जोडून झाल्यावर गळती आहे की नाही, हे कसे तपासावे?

गेज आणि गॅस

आधी फक्त टाकी तपासा. पंपाने रिकामी करा, पंपाकडचा व्हॉल्व्ह बंद करा, पंप थांबवा आणि गेजवरचा (दाबमापकावरचा) काटा कुठे आहे ते लिहून ठेवा. दहा मिनिटांत काटा जाणवण्याइतका परतला, तर एखादा सांधा गळतो आहे. निर्वात टाकीवर साबणाचे पाणी लावून फुगे दिसत नाहीत, कारण हवा आत जात असते. म्हणून टाकीत हवा भरून, सायकलच्या पंपाने थोडासाच दाब देऊन, मग सांध्यांवर फेस लावा. टेफ्लॉन टेप सैल बसलेली असते तिथेच बहुतेक वेळा गळती सापडते. टाकी ठीक निघाली, की साच्याच्या जागी सपाट ॲक्रेलिकचा जाड तुकडा रबराच्या पट्टीवर ठेवून व्हॉल्व्ह उघडा आणि पेटीची हीच चाचणी घ्या. प्लायच्या कडांतून हवा शिरत असेल, तर आतून दोन हात एपॉक्सी रंग लावा. ॲक्रेलिक किमान १० मिलिमीटरचे घ्या आणि तपासणी करताना त्यावर वाकून पाहू नका.